शिपायाला अठ्ठावीस दिवस, साहेबाला ताशेरे

बीडहून परळीला जाणारा रस्ता वडवणी आणि तेलगाव ओलांडून दिंद्रुडला येतो. माजलगाव तालुक्यातले हे गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, जमेल तिथे ऊस. आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन दूरच्या फडांकडे निघणाऱ्या टोळ्या. या पट्ट्यात कोयत्यापासून सुटण्याच्या वाटा मोजक्याच, आणि त्यांतली एक फौजेच्या भरतीची. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, उंची, छाती, लेखी परीक्षा, मेडिकल हे सगळे तयारीला लागलेल्या पोराला तोंडपाठ असते. जून २०२२ पासून तो अग्निवीर म्हणून आत जातो. चार वर्षांनी चौघांतला जास्तीत जास्त एक कायम होणार, हेही त्याला ठाऊक असते. कलम ८० मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते.

हे कलम १९५० च्या आर्मी ॲक्टमधले. अधिकारी, जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) आणि वॉरंट ऑफिसर सोडून बाकी सगळ्यांना पलटणीचा कमांडिंग ऑफिसर कोणतेही न्यायालय न भरवता २८ दिवसांपर्यंत कैद देऊ शकतो. जवानाची टोपी-पट्टा उतरवतात, कदम मिळवत त्याला साहेबांसमोर उभे करतात, आरोप वाचला जातो, साक्षी होतात, शिक्षा सुनावली जाते. सकाळी लाइनीत असलेला माणूस संध्याकाळी क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या कोठडीत, असतो. त्याच्या शीटवर लाल शाईची नोंद पडते, आणि ही लाल शाई पुढे बढतीच्या वेळी, कधी थेट नोकरीवरच, उलटते.

आता हीच चूक एखाद्या कॅप्टनने किंवा मेजरने केली तर? कलम ८३ आणि ८४ प्रमाणे ब्रिगेड किंवा एरिया कमांडर त्याची सेवाज्येष्ठता कापू शकतो, सक्त ताशेरे किंवा साधे ताशेरे देऊ शकतो, सरकारचे नुकसान झाले असेल तर ते भरून निघेपर्यंत पगार थांबवू शकतो. कैद नाही. एका दिवसाचीही नाही. अधिकाऱ्याला तुरुंगात पाठवायचे तर जनरल किंवा समरी जनरल कोर्ट मार्शल भरवावे लागते. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात, सल्ल्याला जज ॲडव्होकेट असतो, वकील देता येतो, निकालावर वरिष्ठांची मोहोर लागते. शिवाय त्या पातळीवर गोष्ट न्यायची नसेल तर ‘सिव्हिअर डिस्प्लेजर’, म्हणजे तीव्र नाराजीचे पत्र, अशी आणखी एक सोय अधिकाऱ्यांसाठी आहे. शिपायाला कुणी नाराजीचे पत्र देत नाही.

हा फरक एखाद्या वाईट साहेबामुळे पडत नाही. तो कायद्याच्या मजकुरातच लिहिलेला आहे. कलम ४८ दारूच्या नशेत सापडण्याबद्दल आहे. अधिकारी सापडला तर त्याला अपमानास्पद रीतीने सेवेतून काढता येते, ज्याला फौजेत ‘कॅशिअर’ करणे म्हणतात, किंवा त्याहून कमी शिक्षा देता येते. अधिकारी नसलेला माणूस सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद. तो ड्यूटीवर किंवा मोहिमेवर नसेल तर सहा महिन्यांपर्यंत. कलम ४० वरिष्ठावर हात उगारण्याबद्दल आहे. वरिष्ठ कामावर असेल किंवा पलटण मोहिमेवर असेल तर चौदा वर्षांपर्यंत, एरवी दहा वर्षांपर्यंत कैद. कलम ४७ मध्ये उलटी दिशा आहे: वरिष्ठाने कनिष्ठाला मारले, छळले, तर जास्तीत जास्त सात वर्षे. खालून वर गेलेल्या हाताची किंमत वरून खाली आलेल्या हाताच्या दुप्पट.

फौजेतली माणसे याची कारणे देतात आणि ती पोकळ नाहीत. सातशे-आठशे हत्यारबंद माणसे उणे तापमानात, घरापासून हजार मैलांवर सांभाळायची तर शिक्षा झटपट व्हावी लागते. फाइल दिल्लीला पाठवून शिस्त टिकत नाही. शिवाय अधिकाऱ्याला ज्येष्ठता गमावणे म्हणजे पुढचे सगळे दरवाजे बंद होणे, हेही खरे. कलम ४५ तर अधिकाऱ्याकडून जास्तच अपेक्षा ठेवते: पदाला न शोभणारे वर्तन एवढ्यावरूनही त्याला घरी पाठवता येते. पण झटपट न्यायाची गरज फक्त एका बाजूलाच का लागू होते, याचे उत्तर या युक्तिवादात मिळत नाही.

समरी कोर्ट मार्शल ही या व्यवस्थेची सर्वांत धारदार बाजू. १८५७ च्या उठावानंतर कंपनीच्या पलटणींचा गोऱ्या सरकारने जो नवा बंदोबस्त केला, त्यातून ही पद्धत आली. १९११ च्या इंडियन आर्मी ॲक्टमध्ये होती, तिथून स्वतंत्र भारताच्या कायद्यात जशीच्या तशी उतरली. इंग्रजांनी आपल्या गोऱ्या सैन्याला ती कधी लावली नाही. यात कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे अधिकारी किंवा जेसीओ बसलेले असतात, पण ते निकालात भाग घेत नाहीत. आरोपीला एक ‘मित्र’ मिळतो. तो कानात सल्ला देऊ शकतो, न्यायालयापुढे बोलू शकत नाही. लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरचा अधिकारी असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि सोबत बडतर्फी. शिक्षेला बहुतेक वेळा कुणाची मंजुरी लागत नाही. ती तिथल्या तिथे अमलात येते. अधिकाऱ्यावर आणि जेसीओवर समरी कोर्ट मार्शल चालवताच येत नाही.

एका माणसाच्या हाती एवढी सत्ता गेली की काय होऊ शकते, ते सिग्नलमन रणजित ठाकूर यांच्या खटल्यात देशाने पाहिले. कमांडिंग ऑफिसर छळतो अशी तक्रार त्यांनी ठरलेली वाट सोडून थेट वर पाठवली. त्याबद्दल त्याच कमांडिंग ऑफिसरने त्यांना २८ दिवसांची सक्त कैद दिली. ती भोगत असताना मे १९८५ मध्ये त्यांनी जेवायला नकार दिला. जेवण्याचा हुकूम मोडला, हा नवा गुन्हा झाला. दुसऱ्याच दिवशी, ३० मे रोजी, समरी कोर्ट मार्शल बसले, आणि त्यात पुन्हा तोच अधिकारी. शिक्षा: एक वर्ष सक्त कैद, बडतर्फी, पुढे सरकारी नोकरीला अपात्र. जेवण नाकारल्याबद्दल! ऑक्टोबर १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे रद्द केले. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच न्याय करायचा नाही, न्यायालयात बसणाऱ्याबद्दल हरकत घेण्याची संधी आरोपीला मिळालीच पाहिजे आणि शिक्षा विवेकाला धक्का देण्याइतकी अवाजवी असता कामा नये, अशी तीन सूत्रे या निकालाने घालून दिली. जुलै २०१६ मध्ये विशव प्रिया सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे. तातडीची खरी गरज असेल तेव्हाच ते वापरावे.

मधल्या काळात एक मोठी सुधारणा झाली. पृथीपाल सिंग बेदी खटल्यात १९८२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट मार्शलविरुद्ध अपिलाची सोय नसल्याबद्दल खंत व्यक्त केली होती. पंचवीस वर्षांनी, २००७ मध्ये, सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला. २००९ पासून न्यायाधिकरण काम करू लागले आणि मुंबईला त्याचे खंडपीठ आले. पण इथेही एक फट ठेवली गेली. समरी कोर्ट मार्शलची शिक्षा बडतर्फीची किंवा तीन महिन्यांहून जास्त कैदेची असेल तरच न्यायाधिकरणात जाता येते. त्याखालच्या शिक्षेसाठी तो दरवाजा बंद. उरते उच्च न्यायालय, आणि दिंद्रुडच्या घरासाठी त्याचा अर्थ औरंगाबाद खंडपीठाच्या वाऱ्या आणि वकिलाची फी.

शिस्तीचा हा उतार महाराष्ट्राने सर्वांत ठळकपणे पाहिला तो १९४६ साली, मुंबईत.

कुलाब्याला ‘तलवार’ नावाचे शाही भारतीय नौदलाचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र होते. कमांडर आर्थर फ्रेडरिक किंग हा तिथला मुख्य. भिंतींवर ‘जय हिंद’, ‘चले जाव’ लिहिणाऱ्या बी. सी. दत्त या खलाशाला फेब्रुवारीच्या सुरुवातीला अटक झाली. ८ फेब्रुवारीला किंग बराकीत आला आणि खलाशांना आईबापांवरून, कुलींची अवलाद म्हणून शिव्या दिल्या. खलाशांनी तेव्हाही बंड केले नाही. चौदा जणांनी नियमाप्रमाणे लेखी तक्रार केली. ती फिरून किंगच्याच टेबलावर आली. खोटी तक्रार हा गंभीर गुन्हा आहे, विचार करा, असे त्याने एकेकाला बोलावून सुनावले. रणजित ठाकूर यांची गोष्ट चाळीस वर्षे आधी घडत होती, फक्त गणवेश पांढरा होता.

१८ फेब्रुवारीला ‘तलवार’च्या खलाशांनी निकृष्ट नाश्ता नाकारला. पाच दिवसांत ही आग ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे वीस हजार खलाशांपर्यंत पोहोचली. किंगच्या जागी कॅप्टन इनिगो-जोन्सला आणले, पण वेळ निघून गेली होती. गिरणगाव रस्त्यावर उतरले. गोळीबारात दोनशेहून जास्त माणसे गेली, त्यांत परळच्या कमल दोंदे होत्या. सरदार पटेलांच्या मध्यस्थीनंतर २३ फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती पत्करली, कुणावर सूड उगवला जाऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करील या आश्वासनावर. त्यानंतर शेकडो खलाशी मुलुंडच्या छावणीत डांबले गेले आणि ४७६ जणांना नौदलातून काढून टाकण्यात आले. शिव्या देणाऱ्याची खुर्ची बदलली, तक्रार करणाऱ्यांची भाकरी गेली. दीड वर्षाने देश स्वतंत्र झाला, तरी ना भारताच्या ना पाकिस्तानच्या नौदलाने त्यांना परत घेतले. हा डाग इंग्रजांचा जितका, तितकाच आपलाही आहे.

तक्रार करणाऱ्याची भीती स्वातंत्र्यानंतर संपली असती तर देवळालीची गोष्ट घडली नसती. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथल्या तोफखान्याच्या छावणीत सहायकाचे, म्हणजे साहेबाच्या दिमतीचे, काम करणाऱ्या काही जवानांचे छुप्या कॅमेऱ्याने चित्रण झाले. साहेबांची कुत्री फिरवायची, मुलांना शाळेत सोडायचे, अशी कामे त्यात दिसली. मार्चच्या सुरुवातीला त्यांपैकी केरळचा एक लान्स नायक छावणीत मृतावस्थेत सापडला. गुन्हा नोंदवला गेला तो चित्रण करणाऱ्या पत्रकारावर आणि एका माजी सैनिकावर, तोही गोपनीयता कायद्याखाली. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये रद्द केला. लढण्यासाठी भरती झालेल्या माणसाला घरकामाला लावणे चूक आहे, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २००८ मध्येच सांगितले होते. नौदलात आणि हवाई दलात ही पद्धत नाही, आणि त्यांचे काही अडत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरच्या चंदू चव्हाणचे नाव तर महाराष्ट्रात घराघरांत पोहोचले. ३७ राष्ट्रीय रायफल्सचा हा शिपाई २९ सप्टेंबर २०१६ ला, सर्जिकल स्ट्राइकच्या बातमीच्या दिवशीच, नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानात गेला. ही बातमी ऐकून त्याला वाढवणारी आजी धक्क्याने गेली. धुळ्याचेच खासदार सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते; त्यांनी पाठपुरावा केला, आणि २१ जानेवारी २०१७ ला चंदू वाघा सीमेवरून परत आला. त्याच वर्षी लष्करी न्यायालयाने, हत्यार घेऊन ठाणे सोडल्याबद्दल, त्याला कैदेची शिक्षा दिली. २०१९ मध्ये आपला छळ होतो असे सांगून त्याने राजीनामा पाठवला. लष्कराने उलट त्याच्याच बेशिस्तीकडे बोट दाखवले.

चौकी सोडणे हा गुन्हाच आहे, यात शंका नाही. पण शेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहावी. ९ मार्च २०२२ ला भारताचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. दोन अण्वस्त्रधारी देश त्या संध्याकाळी केवळ नशिबाने वाचले. चौकशीत हवाई दलाचे तीन अधिकारी दोषी ठरले आणि ऑगस्टमध्ये त्यांना बडतर्फ केले गेले. बडतर्फी ही लहान शिक्षा नव्हे. तुरुंग मात्र रेषा ओलांडणाऱ्या शिपायाच्या वाट्याला आला.

वरच्या पदांची गोष्ट निघाली की कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीजवळून जावेच लागते. लष्कराच्या ताब्यातल्या जमिनीवर, कारगिलच्या वीरांचे नाव पुढे करून, ३१ मजले उभे राहिले. २०१० मध्ये प्रकरण फुटले तेव्हा सदस्यांत माजी सेनाप्रमुखही निघाले. आपल्याला कारगिलचा संबंध ठाऊक नव्हता, असे सांगून त्यांनी सदनिका सोडण्याची तयारी दाखवली. मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. २०१२ मध्ये सी.बी.आय.ने दोन निवृत्त मेजर जनरलांसह काही जणांना अटक केली, पण साठ दिवसांत आरोपपत्र आलेच नाही आणि सगळे जामिनावर सुटले. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शिपायाचा खटला एका दिवसात संपतो. जनरलच्या खटल्याला कालमर्यादा चुकण्याचीही सवलत मिळते.

तरी चित्र एकरंगी नाही. काश्मीरमधल्या माछिल येथे २०१० मध्ये तीन तरुणांना बनावट चकमकीत मारल्याबद्दल एका कर्नलला आणि एका कॅप्टनला तीन जवानांबरोबर जन्मठेप सुनावली गेली; न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये पाचांचीही शिक्षा स्थगित केली. शिक्षा आणि स्थगिती, दोन्हींत पदाचा भेद झाला नाही. मुंबईच्या गोदीत ऑगस्ट २०१३ मध्ये ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत १८ नौसैनिक गेले. सहा महिन्यांनी ‘सिंधुरत्न’वर आग लागून दोन अधिकारी गेले, त्याच दिवशी, २६ फेब्रुवारी २०१४ ला, नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. असे करणारे ते पहिलेच सेनादलप्रमुख. त्यांनी कुणा कनिष्ठाकडे बोट दाखवले नाही, याची नोंद या लेखात आदराने व्हायला हवी.

आपल्या मातीत ही रीत नवी नाही. १६७३ साली चिपळूणच्या छावणीतल्या घोडदळाने रयतेला त्रास देऊ नये म्हणून शिवाजी महाराजांनी जे पत्र लिहिले, ते शिपायांना उद्देशून नव्हते. ते जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना होते. भाजीपाल्यापर्यंतचा हिशेब त्यांनी अंमलदारांकडे मागितला. रांझ्याच्या पाटलाने बदअंमल केला तेव्हा त्याची पाटिलकी त्याला वाचवू शकली नाही. सरनोबत प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला सोडून दिले, तर सेनेतल्या सर्वांत मोठ्या माणसालाही महाराजांचा रोष झेलावा लागला. शिवशाहीच्या शिक्षा आजच्या कायद्यात बसणार नाहीत, बसूही नयेत. जबाब आधी वरच्याला विचारायचा, एवढे त्यातून घेता येते.

जगातली मोठी सैन्येही या परीक्षेत नापास झाली आहेत. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातल्या छळाबद्दल अमेरिकेने अकरा सैनिकांना दोषी ठरवले, त्यांतला सर्वांत वरचा हुद्दा स्टाफ सार्जंटचा. एकाला दहा वर्षांची कैद झाली. कोर्ट मार्शल झालेल्या एकमेव अधिकाऱ्याला मिळालेले ताशेरेही २००८ मध्ये मागे घेतले गेले.

शिक्षेचा खरा बोजा शेवटी पेन्शनवर पडतो. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीत बडतर्फ जवान आधीच्या सगळ्या सेवेसाठी पेन्शन आणि ग्रॅच्युइटीला अपात्र. राष्ट्रपतींनी अपवाद केला तरच काही मिळणार. बडतर्फ अधिकाऱ्याची पेन्शन मात्र आपोआप जात नाही. ती पूर्ण काढायची की काही द्यायची, हे राष्ट्रपतींनी ठरवायचे. एकाचा अपवाद तो दुसऱ्याचा नियम. पेन्शनला जवानाची पंधरा वर्षे लागतात. त्याआधी चार लाल शाईच्या नोंदी झाल्या की ‘नको असलेला’ म्हणून त्याला घरी पाठवण्याची पद्धत होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या नोंदी मोजून असे करता येणार नाही. चौकशी हवी, सेवा किती झाली, कुठल्या कठीण ठिकाणी झाली, हे पाहिले पाहिजे. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या घरात ही पेन्शन म्हणजे पुन्हा फडावर न जाण्याची हमी असते. ती एका माणसाच्या सहीवर जाऊ नये.

संसदेने करायच्या गोष्टी अवघड नाहीत. मोहीम सुरू नसताना समरी कोर्ट मार्शल बंद करावे. कैदेची कोणतीही शिक्षा न्यायाधिकरणात नेता यावी. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याकडे तक्रारदाराची शिक्षा जाऊ नये, हे निकालांत राहिलेले तत्त्व कायद्यात यावे. कलम ४० आणि ४७ मधले वर्षांचे अंतर मिटावे. पेन्शनचा नियम सर्वांना एक असावा. महाराष्ट्राच्या खासदारांनी सैनिकांच्या गौरवाची भाषणे खूप केली आहेत. यांतल्या एकेका मागणीवर खासगी विधेयक आणण्यापासून त्यांना कुणीही अडवलेले नाही.

आणि भरतीच्या तयारीला लागलेल्या पोरांनी आत्ताच ध्यानात ठेवावे: कोर्ट मार्शलपुढे उभे करण्याआधी आरोप कळवून शांततेच्या काळात ९६ तासांची मुदत द्यावी लागते, मोहिमेवर २४ तासांची. ती मुदत मागा. तो ‘मित्र’ मागा, आणि शक्य तर कायदा जाणणारा मागा. कळल्याशिवाय गुन्हा कबूल करू नका. खटल्याच्या कागदांची प्रत घ्या. कलम १६४ प्रमाणे वरिष्ठांकडे लेखी अर्ज करता येतो. गावी परतलेल्या माजी सैनिकांनी शारीरिक चाचणीची तयारी करून घेताना हे कायद्याचे धडेही पोरांना द्यावेत. बीडला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि मुंबईला न्यायाधिकरणाचे खंडपीठ. दोन्हींचे पत्ते घरी लिहून ठेवा.